फ्यूजच्या जागी तार

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. विज्ञानाशी आमची ओळख रस्त्यात भेटणाऱ्या दूरच्या नातेवाइकासारखी. नमस्कार होतो, क्षेमकुशल विचारले जाते, पण एकमेकांच्या घरी जाणे-येणे नाही. विजेचा दिवा लागला की आम्ही समाधानी आणि विझला की शिपायास हाक मारण्यास मोकळे! अशा आमच्या हातून शाळेच्या वार्षिकात वीज आणि ध्वनी यांविषयी लेख लिहिला जात आहे, हे ऐकून आमचे विज्ञानशिक्षक मित्र मिस्कीलपणे हसले. त्यांस हसण्याचा अधिकार आहे. परंतु गेल्या वर्षी आमच्यावर जो प्रसंग आला, त्यातून आम्ही जे शिकलो ते विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या घरच्या मंडळींस सांगितले नाही, तर आम्ही गुरुजी म्हणवून घेण्यास पात्र राहणार नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रसंग असा. पांढुर्ण्यास समूहगीतांची स्पर्धा होती. सौंसरहून चार मुलींचा आमचा संघ जावयाचा होता. 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तालुका त्यात आला, तेव्हापासून पांढुर्ण्यास जाण्याची निमित्ते वाढली आहेत. आमचा एक माजी विद्यार्थी घरच्या संत्र्यांच्या बगीच्याचे काम पाहतो. त्याच्याजवळ एक जुनी चारचाकी आहे आणि तिच्यावर त्याचा जीव आहे. त्याने आपण होऊन गाडी देऊ केली. गाडीत गाणे वाजविण्याची मोठी सोय होती. दारांत दोन स्पीकर, मागे एक भलामोठा सबवूफर आणि आसनाखाली अ‍ॅम्प्लिफायर. मुलींना वाटेत गाण्याची संगीतसाथ ऐकवीत न्यावे, म्हणजे सरावही होईल, अशी आमची कल्पना. आदल्या दिवशी आम्ही सहज म्हणालो, "आवाज जरा मोठा असता तर बरे झाले असते."

शिक्षकाने सहज म्हटलेले वाक्य विद्यार्थी सहज घेत नाही, हे आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. तो म्हणाला, "सर, आवाजाची फिकर नका करू. दुसरा बेस बसवून घेतो, मंग पहा!"

रात्रीतून दुसरा सबवूफर बसला. सकाळी निघण्यापूर्वी त्याने गाणे लावले. अंगणातील पत्रे थरथरले, मुली टाळ्या पिटू लागल्या, आणि दोनच मिनिटांत सारे शांत झाले. अ‍ॅम्प्लिफायरवरील 20 अँपिअरचे दोन्ही फ्यूज गेले होते. दुकाने उघडावयाची होती, आम्हांस उशीर होत होता. त्याने वायरचा एक तुकडा सोलला, आतील तांब्याच्या तारा पिळल्या आणि फ्यूजच्या जागी बसविल्या. आसनाखाली अंधार होता, म्हणून मोबाइलचा उजेड आम्हीच धरला होता. "काही होणार तर नाही ना?" असे आम्ही विचारलेही. "काही नाही होत, सर," तो म्हणाला. आमच्या विचारण्यात जिज्ञासा नव्हती, केवळ घाई होती, हे आज आम्हांस कबूल केले पाहिजे.

सौंसर मागे पडले. दुतर्फा संत्र्यांचे बगीचे, थंड वारा, मुलींचे गाणे आणि पाठीमागून धडधडणारे दोन सबवूफर. आमच्या मनात आले, कलाशाखेच्या मनुष्यासही विज्ञानाचा आनंद घेता येतो तो असा! एवढ्यात करपल्यासारखा वास आला. कोणी शेतात कचरा पेटविला असेल, असे आम्ही म्हणालो. मग मागच्या आसनावरील एक मुलगी म्हणाली, "सर, पायाला गरम लागते." पाहतो तो आसनाखालून धुराची बारीक रेघ वर येत होती.

गाडी थांबली. दारे उघडली. मुलींस हाताला धरून आम्ही रस्त्याच्या पलीकडे नेले. तोवर त्या मुलाने पुढचे झाकण उघडून बॅटरीची तार पान्याने ढिली केली व ओढून काढली. त्याच्या दोन बोटांना चांगलाच चटका बसला. धूर थांबला. बॅटरीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत आलेल्या वायरचे प्लॅस्टिक वितळून खालच्या गालिच्यास चिकटले होते आणि गालिच्यास रुपयाएवढे भोक पडले होते. ते भोक त्या मुलीच्या चपलेपासून चार बोटांवर होते. आणखी दोन मिनिटे आम्ही तो वास शेतावर ढकलला असता तर काय झाले असते, हा विचार आजही मध्यरात्री आम्हांस जागे करतो.

पांढुर्ण्यास आम्ही दुसऱ्या वाहनाने पोचलो. आमचा क्रम निघून गेला होता, पण संयोजकांनी शेवटी गाऊ दिले. मुली संगीतसाथीविना गायल्या. बक्षीस मिळाले नाही. संध्याकाळी सौंसरला परतल्यावर आम्ही चारही घरी गेलो आणि घडले ते सांगितले. तीन घरी चहा मिळाला. चौथ्या घरी मुलीच्या वडिलांनी शांतपणे एकच प्रश्न केला, "तार लावली तेव्हा तुम्ही तिथंच होते न, सर?"

"होतो," आम्ही म्हणालो.

त्यांनी पुढे काही विचारले नाही. रागावले असते तर बरे वाटले असते.

पुढच्या रविवारी आम्ही व तो मुलगा, गाडी घेऊन, पांढुर्ण्यातील एका जुन्या कारागिराकडे गेलो. रेडिओच्या काळापासून ते दुरुस्तीचे काम करतात. त्यांनी आसनाखालून ती तांब्याची तार काढली, चिमट्यात धरून आमच्यापुढे नाचविली आणि म्हणाले, "गुरुजी, हे कोनं केलं? फ्यूज काहून गेला, हे नाही पाह्यलं. वाचमन झोपू देत नाही म्हणून वाचमनलेच काढून टाकलं!"

मग त्यांनी मीटर घेतले आणि स्पीकरच्या दोन टोकांस लावले. एका सबवूफरवर 4 ओहम असे छापलेले होते, मीटरने 3.4 दाखविले. मीटर फक्त आतील वेटोळ्याच्या तारेचा रोध मोजतो, म्हणून तो आकडा छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच यावयाचा, असे ते म्हणाले. मग दोन्ही सबवूफर जसे जोडलेले होते तसेच ठेवून त्यांनी मोजले. आकडा आला 1.7.

"दोन स्पीकर म्हणजे ओझे दुप्पट, तर आकडा निम्मा कसा?" आम्ही विचारले. वर्गात आठवीचा मुलगाही असा प्रश्न विचारील, पण आम्हांस तो वयाच्या तिशीनंतर सुचला. त्यावर त्यांनी पाण्याच्या हौदाचा दाखला दिला. हौदास एक तोटी असेल तर पाणी एका मापाने जाते. शेजारी तशीच दुसरी तोटी बसविली तर वाट मोठी झाली, अडथळा निम्मा झाला आणि हौद दुप्पट वेगाने रिकामा होऊ लागला. ओहमचा आकडा हा अडथळ्याचा आकडा आहे. तो जितका लहान, तितकी अ‍ॅम्प्लिफायरवरची ओढ मोठी. 4 ओहमचे दोन स्पीकर शेजारी शेजारी, म्हणजे समांतर जोडले तर 2 ओहम होतात. एकामागे एक, म्हणजे एकसर जोडले तर 8 ओहम. आकडा लहान म्हणजे काम हलके, असे आम्ही समजत होतो. ते नेमके उलटे होते.

आता अ‍ॅम्प्लिफायरचा कागद पाहू या, असे ते म्हणाले. मुलाने खोके आणले होते. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत 1000 वॅट असे छापलेले. आतील घडी घातलेल्या कागदावर बारीक अक्षरांत निराळेच. चार चॅनेल, प्रत्येकी 60 वॅट आरएमएस, 4 ओहमवर. दोन चॅनेल एकत्र जोडल्यास 150 वॅट, पण स्पीकर 4 ओहमपेक्षा कमी नसावा. खोक्यावरचा आकडा क्षणभराच्या उसळीचा, विक्रीसाठी फुगविलेला. आरएमएस हा सतत चालणाऱ्या कामाचा आकडा. जोडी जुळविताना पाहावयाचा तो दुसरा. आमच्या गाडीत दारांचे दोन स्पीकर दोन चॅनेलवर होते, ते ठीकच होते. उरलेले दोन चॅनेल एकत्र करून त्यांवर एक सबवूफर होता, तोही ठीक होता. दुसरा सबवूफर समांतर जोडताच 2 ओहम झाले. त्यातही एक मेख अशी की दोन चॅनेल एकत्र केले असता प्रत्येकास निम्माच अडथळा जाणवतो. म्हणजे ज्या बिचाऱ्या चॅनेलने 2 ओहमपर्यंत सोसावे अशी योजना होती, त्याच्यापुढे आम्ही 1 ओहम ठेवला होता.

"पण गाडीची बॅटरी ती केवढी? 12 व्होल्टची! तिने आग कशी लागते?" हा आमचा दुसरा प्रश्न. घरातील 230 व्होल्टची वीज भयंकर आणि बॅटरीची वीज निरुपद्रवी, अशी आमची समजूत. त्यावर ते म्हणाले, "बारा व्होल्ट झटका नाही देत, गुरुजी, पण जाळते." आणि त्यांनी जुन्या वहीच्या पाठीवर हिशेब मांडला. दारांचे 60 आणि 60, सबवूफरचे 150, मिळून 270 वॅट. अशा जुन्या धाटणीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जवळजवळ निम्मी वीज उष्णतेत जाते. म्हणजे पूर्ण आवाजाला बॅटरीतून सुमारे 540 वॅट ओढावे लागतात. त्यास 12 ने भागले तर 45 अँपिअर. घरातील फ्रीज किंवा गिझर ज्या मोठ्या प्लगवर चालतो तो 16 अँपिअरचा, म्हणजे हा प्रवाह त्याच्या जवळजवळ तिप्पट! हेच 540 वॅट घरच्या 230 व्होल्टवर घेतले असते तर अडीच अँपिअरही लागले नसते. व्होल्ट कमी असल्यामुळेच प्रवाह मोठा घ्यावा लागतो, आणि तार तापते ती प्रवाहाने. गाणे सतत पूर्ण जोरात नसते, म्हणून 40 अँपिअरचे फ्यूज एरव्ही पुरत होते. दुसऱ्या सबवूफरने ओढ वाढली, फ्यूज आपले कर्तव्य करून मेले, आणि आम्ही त्यांच्या जागी कधीही न मरणारी तार बसविली. मग जळावयास उरली ती आसनाखालची बारीक वायर.

ज्यांच्या नावाने हा ओहम ओळखला जातो ते गेओर्ग सिमोन ओहम यांची हकीकत आम्ही त्या रात्री वाचून काढली. 1789 साली जर्मनीतील एर्लांगन येथे एका कुलूप बनविणाऱ्या कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. कोलोनच्या शाळेत ते शिक्षक होते. शाळेच्या प्रयोगशाळेत तारांवर प्रयोग करून त्यांनी आपला नियम शोधला व 1827 साली ग्रंथरूपाने मांडला. स्वदेशात आरंभी त्यांच्या वाट्यास उपेक्षाच आली. पुढे 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस कोप्ले पदक दिले. एका शाळामास्तराने शोधलेला नियम दुसऱ्या शाळामास्तराने पायदळी तुडवावा, याहून मोठी लाज ती कोणती?

गाडी पुन्हा जोडताना कारागिराने त्या मुलाच्याच हातून सारे करवून घेतले, आणि आम्हांस उजेड धरावयास लावले. या वेळी आम्ही पाहतही होतो. पहिले काम, बॅटरीची तार सोडविणे. ती सुटल्याशिवाय कशासही हात नाही. मग पुरेशा जाडीची तांब्याची नवी वायर. बॅटरीपासून दोन वितींच्या आत एक मुख्य फ्यूज, कारण वाटेत कोठेही वायर घासून गाडीच्या पत्र्यास लागली तर अ‍ॅम्प्लिफायरवरचा फ्यूज तिला वाचवू शकत नाही. फ्यूज यंत्रापेक्षा वायरसाठी असतो, आणि तो वायरला पेलेल त्याहून मोठा कधी घालावयाचा नाही. पत्र्यातील भोकात रबरी कडे. अर्थिंगची तारही तितकीच जाड, आणि ती जेथे बसवावयाची तेथील रंग खरवडून लख्ख धातू केलेला. अ‍ॅम्प्लिफायर आता आसनाखालच्या गालिच्यात दडपलेला नाही, त्याच्या भोवती हवा खेळते.

राहिला दुसरा सबवूफर. "एकसर जोडला तर चालेल न?" मुलाने आशेने विचारले. चालेल, ते म्हणाले. 8 ओहम होतील, धोका नाही. पण अ‍ॅम्प्लिफायर मग सुमारे निम्मीच शक्ती देईल आणि ती दोघांत वाटली जाईल. दोन तोंडांनी मिळून आवाज होईल तो एका तोंडाच्या पूर्वीच्या आवाजाइतकाच. म्हणजे ज्या वस्तूसाठी एवढे रामायण घडले तिचा लाभ शून्य! मुलगा हसला आणि त्याने तो उतरविला. त्या जागेत आता संत्र्यांचे एक क्रेट राहते.

आणखी दोन गोष्टी आम्ही तेथे शिकलो. अ‍ॅम्प्लिफायरवर गेन नावाची एक लहान खुंटी असते. तिला आम्ही आवाजाची खुंटी समजत होतो. गाण्याच्या यंत्राकडून येणारा संदेश आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचा मेळ बसविणे हे तिचे काम. ती अखेरपर्यंत पिळली की ध्वनीच्या लाटांचे शेंडे कापले जातात, गाणे चिरके होते आणि स्पीकरच्या वेटोळ्यास विसावा मिळत नाही. म्हणून लहान अ‍ॅम्प्लिफायर जिवापाड ताणला तरी चांगला स्पीकर जळू शकतो. आवाज फाटू लागताच खुंटी मागे घ्यावयाची, हा नियम. दुसरी गोष्ट, प्रत्येकास त्याच्या जोगेच काम द्यावयाचे. सुमारे 80 हर्ट्झच्या खालचे खर्जाचे स्वर सबवूफरकडे, त्यावरचे दारांच्या स्पीकरांकडे. लहान स्पीकरास खर्ज गावयास लावले तर तो धडपडतो व फाटतो. आमची मातृभाषा कोकणी. लहानपणी रात्री ऐकलेली समुद्राची गाज आम्हांस त्या वेळी आठवली. ती कानांपेक्षा छातीत अधिक ऐकू येत असे, आणि तरीही आजीची कुजबुज तिच्यात बुडत नसे. चांगला खर्ज असा असतो, हे त्या दिवशी उमगले.

आता मूळ अपराधाकडे, म्हणजे 'आवाज मोठा हवा' या आमच्या वाक्याकडे वळू. वॅट दुप्पट केले तर आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानास दुप्पट वाटावयास सुमारे दहापट शक्ती लागते. मोठ्या आवाजाची हौस अशी महाग आहे, आणि तिची किंमत कानही भरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबलचा आवाज आठवड्यास 40 तास ऐकणे चालते, तर 90 डेसिबलचा केवळ 4 तास. आपल्या देशाच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात ध्वनिक्षेपकांवर बंधन आहे. मध्य प्रदेश शासनाने डिसेंबर 2023 मध्ये या नियमांच्या पालनाविषयी पुन्हा आदेश काढला. गणपतीत किंवा लग्नाच्या वरातीत एकावर एक चढविलेल्या स्पीकरांच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे आकडे एकदा वहीत लिहून ठेवावेत.

विद्यार्थिमित्रांनो, त्या मुलाचा दोष आम्ही फार मोठा मानीत नाही. गुरुजींनी मागितले आणि त्याने जिवापाड देऊ केले. दोष मागणाऱ्याचा. समोरचे यंत्र किती सोसेल, वायर किती सोसेल, हे न विचारता आम्ही अधिक मागितले, आणि फ्यूजने दिलेला नकार आम्ही ऐकला नाही. पोळ्याच्या सणात ज्या गावात बैलांच्या खांद्यांना लोणी चोळतात, तेथे राहून आम्हांस एवढे कळू नये? तेव्हापासून वर्गात एखादा मुलगा "सर, आता नाही होत" असे म्हणाला, तर ओरडण्यापूर्वी आम्ही क्षणभर थांबतो. तो आळशी असेलही. पण कदाचित तो फ्यूज असेल.

आमच्या मागणीवरून यंदा विज्ञानशिक्षकांनी दहावीच्या मुलांस मीटर देऊन शाळेच्या सभागृहातील स्पीकर मोजावयास लावले, आणि शेवटच्या बाकावर बसून आम्हीही मोजणी शिकलो. त्या चौथ्या घरची मुलगी त्या गटात होती. वायर जोडून झाल्यावर तिने आमच्याकडे वळून विचारले, "सर, फ्यूज कितीचा आहे, पाहिला का?"

आम्ही उठून पाहिला. बरोबर होता. मग तिने बटन दाबले.

ती तांब्याची तार आमच्या टेबलाच्या खणात, खडूंच्या डबीत ठेवलेली आहे. कोणास पाहावयाची असल्यास अवश्य यावे.